यूएक्स शिकायचंय? आधी विडी घरकुलात जाऊन बसा

सोलापुरात सध्या बीसीए करणारी, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलं-मुली भेटली की हमखास विचारतात, "सर, यूएक्समध्ये जायचंय. कुठलं सॉफ्टवेअर शिकू?" यूएक्स म्हणजे यूजर एक्सपीरियन्स: ॲप किंवा वेबसाइट वापरताना माणसाला काय अनुभव येतो ते बघून तिची मांडणी करायचं काम. फिग्मा शिका, म्हणजे मोबाइल-संगणकाचे पडदे आखायचं सॉफ्टवेअर शिका, असं सांगून मोकळं होता येतं. फिग्मा लागतंच, त्याशिवाय मुलाखतीला कुणी उभं करत नाही. पण हा पहिला प्रश्न नव्हे, आणि मुलांना तो पहिला वाटतो याचा दोष मी मुलांना देणार नाही. त्यांना शिकवलंच तसं जातं. 'तीन महिन्यांत पोर्टफोलिओ, सहा महिन्यांत नोकरी' अशा जाहिराती मोबाइल उघडला की समोर येतात. अशा क्लासांतून तयार झालेले पोर्टफोलिओ मी बरेच पाहिलेत. घरपोच जेवण मागवायचं एखादं ॲप नव्या रंगात रंगवलेलं असतं आणि ते वापरणारी एक काल्पनिक मुलगी असते: वय २६, राहणार पुणे, आयटीत नोकरी, वेळ कमी. ही मुलगी त्या विद्यार्थ्याला आयुष्यात कधी भेटलेली नसते. त्याची स्वतःची आई, जी गॅस सिलिंडर नोंदवायला दर वेळी कुणाला तरी हाक मारते, ती त्या पोर्टफोलिओत कुठेच नसते.

माझ्या मते या व्यवसायाला दोन गोष्टी लागतात. समोरचा माणूस अडखळत असताना मध्ये न पडता बघत बसायची सवय, आणि जे दिसलं ते बैठकीत वरिष्ठांना न आवडणारं असलं तरी मांडायची धमक. बाकीचं पुस्तकातून, व्हिडिओतून, सरावाने येतं. या दोन गोष्टी मात्र माणसांत गेल्याशिवाय येत नाहीत, आणि त्यासाठी सोलापुरासारखी शाळा नाही. ती शाळा आपण वापरत नाही, हे मला मनापासून खटकतं.

हा व्यवसाय मुळात मानसशास्त्राकडून आलाय, हे आपल्याकडे विसरलं जातं. डोनाल्ड नॉर्मन हे माणसाचं मन कसं चालतं याचा अभ्यास करणारे प्राध्यापक. १९९३मध्ये ते ॲपल कंपनीत गेले आणि त्यांच्या पदाच्या नावात 'यूजर एक्सपीरियन्स' हे शब्द आले. नुसता संगणकाचा पडदा त्यांना पुरेसा वाटत नव्हता. वस्तूचा आकार, ती हातात कशी बसते, सोबतचं माहितीपत्रक, सगळंच त्यांना त्यात धरायचं होतं. आपल्याकडेही ही विद्या कालची नाही. अहमदाबादची एनआयडी ही डिझाइन शिकवणारी संस्था १९६१ची, मुंबईच्या आयआयटीतला आयडीसी हा डिझाइनचा विभाग १९६९चा. त्याच आयडीसीत तयार झालेला 'स्वरचक्र' हा कीबोर्ड बघा. त्यात व्यंजनावर बोट ठेवलं की त्याच्या भोवती काना-मात्रा गोल मांडून येतात. आपण लहानपणी बाराखडी जशी शिकलो, तिच्यावरच तो बेतलाय. इंग्रजी कीबोर्डवर मराठी अक्षरं चिकटवण्याचा सोपा मार्ग होता. तो सोडून कुणीतरी आपल्या लिपीचा आणि ती वापरणाऱ्या माणसाचा विचार केला.

आता बघत बसण्याविषयी. एकदा विडी घरकुलाच्या, म्हणजे सोलापुरातल्या विडी कामगारांच्या वसाहतीच्या, बाजूला एका सेवा केंद्रात बराच वेळ बसलो होतो. साठीच्या आसपासची एक बाई आली. आयुष्य विड्या वळण्यात गेलेलं. काम अंगठ्याच्या ठशावर अडलेलं. केंद्र चालवणारा पोरगा यंत्र पुढे करण्याआधी तिला विचारतो, "अक्का, कुठलं बोट लागतंय तुमचं?" तिला ते ठाऊक असतं. "डाव्या हाताचं, करंगळीच्या शेजारचं." तेंदूची पानं कातरून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून तिच्या उजव्या हाताच्या बोटांच्या रेषा केव्हाच झिजल्यात. पोराने यंत्राची काच फडक्याने पुसली, अक्काला बोट ओल्या कपड्याला लावायला सांगितलं, दाबून धरायला सांगितलं. पडद्यावर लाल अक्षरांत इंग्रजीत एक ओळ आली, ओळख पटली नाही एवढंच सांगणारी. का पटली नाही, आता काय करायचं, दुसरा मार्ग आहे का, काहीच नाही. अक्काने पोराकडे बघितलं आणि म्हणाली, "माझंच बोट खराब हाय रे."

हे वाक्य कानावर पडणं म्हणजे यूएक्सचं शिक्षण सुरू होणं. चूक यंत्राच्या मांडणीची होती आणि अक्काने ती स्वतःकडे घेतली. आपल्याकडे माणसं असंच करतात. "मला नाही जमत हो, मी अडाणी," असं म्हणून बाजूला होतात. ॲप वापरायला देऊन चाचणी घेणाऱ्याने "कसं वाटलं?" असं विचारलं तर "चांगलं हाय की" म्हणतात, कारण घरी आलेल्या, नीट बोलणाऱ्या पोराचं मन मोडायचं नसतं. हे उत्तर अहवालात लिहिणारा नुसता नवखा नव्हे, घातक माणूस आहे. त्या 'चांगलं हाय'च्या आधी बोट कुठे थांबलं, नजर कुठे गेली, कुणाला हाक मारली, हे ज्याने टिपलं त्याच्या हाती काहीतरी लागलं. आणि हे टिपताना गप्प बसावं लागतं. बटण समोर दिसत असताना, बाईला ते सापडत नसताना, "हे बघा इथे" असं न म्हणता बसणं फार अवघड असतं. हुशार मुलांना तर सगळ्यात अवघड, कारण उत्तर सांगायचंच बक्षीस त्यांना शाळेपासून मिळत आलेलं असतं.

त्या केंद्रातल्या पोराला यूएक्स हा शब्द माहीत नसेल, पण त्याच्याकडे असलेलं ज्ञान कुठल्याही कंपनीच्या संशोधन विभागाला हवं असं आहे. अर्जाला फोटो ठरावीक केबीच्या आतच लागतो म्हणून तो गिऱ्हाइकाचा फोटो आधी व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच पाठवतो, तिथे त्याचा आकार आपोआप कमी होतो. अर्ज कुठल्या पानावर अडकतो, मागे गेलं की भरलेलं सगळं कुठे पुसलं जातं, सर्व्हर कुठल्या वेळेला दमतो, हे त्याला पाठ आहे. ज्या दिवशी अर्ज बनवणारे अशा पोरासमोर वही घेऊन बसतील त्या दिवशी निम्मे अर्ज सुधारतील, असं मला खात्रीने वाटतं.

किती माणसांना बघायचं, हाही प्रश्न मुलं विचारतात. या क्षेत्रातले जाणकार याकोब निल्सन यांचं म्हणणं प्रसिद्ध आहे: एका फेरीत पाच जण पुरतात, बहुतेक मोठ्या अडचणी तेवढ्यात दिसतात, मग दुरुस्ती करून पुन्हा पाच जण बघावेत. मुलं यातला पाच हा आकडा उचलतात आणि वर्गातले पाच मित्र गाठतात. पण हे पाच एका प्रकारच्या लोकांमधले असतात, हे निल्सनही सांगतात. वापरणाऱ्यांचे गट वेगळे असतील तर प्रत्येक गटात जावं लागतं. सोलापुरात तर गट वेगळेच आहेत. पूर्व भागात घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, टीव्हीवर हिंदी. अक्कलकोटकडे कन्नड. कुणी उर्दूत वाचतो, कुणी तीन भाषा सफाईने बोलतो पण एकही वाचत नाही. यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या माणसाला दुपारी दोनला आलेला ओटीपी दिसत नाही, कारण तो झोपलेला असतो. एकाच शहरात इतकी विविधता असताना काल्पनिक पुणेकर मुलगी उभी करायची गरजच काय?

शेताकडे गेलं की आणखी वेगळं. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची, ही कल्पना चांगलीच होती. तलाठ्याच्या सवडीची वाट बघायची गरज उरू नये, हा हेतू मला पूर्ण पटतो. पण वातानुकूलित खोलीत छान दिसणारी फिकट राखाडी अक्षरं भर उन्हात मंगळवेढ्याच्या काळ्या रानात उभं राहून वाचून बघा. एका हातात फोन, दुसऱ्या हाताची सावली पडद्यावर, रेंज एका रेघेवर. रंग किती गडद असावा, बटण किती मोठं असावं, नेट गेलं तर भरलेली माहिती फोनमध्ये राहावी की नाही, या प्रश्नांची उत्तरं तिथे पाच मिनिटांत मिळतात. आपल्या चादरीच्या धंद्यातली जुनी माणसं सांगतील, ग्राफ पेपरवर सुंदर नक्षी काढणारा ढिगाने मिळतो, पण नक्षी विणणाऱ्या जकार्ड मागावर धागा कुठे ताणला जाईल हे ज्याला कळतं त्याचीच नक्षी चादरीवर उतरते.

फोन एकाचा आणि वापरणारे चार, हे आपल्याकडचं सर्वांत मोठं वास्तव, आणि ते बहुतेक ॲपांच्या गावीही नसतं. एक माणूस, एक फोन, एक नंबर हे गृहीतच धरलेलं असतं. लाडकी बहीण योजनेचं उदाहरण ताजं आहे. २०२४च्या जुलैपासून लागू झालेल्या या योजनेत महिन्याला १,५०० रुपये मिळतात. सप्टेंबर २०२५मध्ये तिचं ई-केवायसी सुरू झालं आणि त्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचीही पडताळणी ओटीपीने करायची होती. ज्यांचा नवराही नाही आणि वडीलही नाहीत, ज्यांना टाकून दिलंय, त्यांनी काय करायचं? या बायका थोड्या नाहीत. नंतर त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी लागली, मुदतही वाढवावी लागली. अपात्र लोकांना वगळायचा सरकारचा हेतू मला समजतो. पण तो अर्ज आखला जात असताना त्या खोलीत एक जरी माणूस असा असता, ज्याने कुठल्याही वस्तीत एक दुपार काढली आहे, तर "नवरा नसेल तर?" हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला गेला असता. अशा बायकांना कंपन्यांत 'अपवाद' म्हणतात. घरकुलात गेलं तर एका गल्लीत अशी किती तरी दारं वाजवता येतील.

आता धमक. २०१६मध्ये यूपीआय आलं आणि भाजीच्या गाडीपर्यंत पोचलं, ते देशाने केलेलं मोठंच काम आहे. त्यात पैसे मागण्याची एक सोय होती. मी तुम्हाला विनंती पाठवायची, तुम्ही पिन टाकला की तुमच्या खात्यातून पैसे माझ्याकडे. भामट्यांनी ती ओळखली. "तुम्हाला पैसे पाठवतोय, पिन टाका आणि घ्या," असं फोनवर सांगून त्यांनी लोकांना लुटलं. त्यावर कित्येक वर्षं उपाय काय चालला होता? 'पैसे घेताना पिन लागत नाही' अशा जाहिराती, पोलिसांचे इशारे, व्हॉट्सॲपवरची पत्रकं. म्हणजे चूक पुन्हा त्या अक्काच्या बोटाची! जेव्हा हजारो माणसं एकाच पडद्यावर एकाच पद्धतीने फसतात तेव्हा जाहिरातीआधी तो पडदा बदलायला हवा. शेवटी १ ऑक्टोबर २०२५पासून एनपीसीआयने, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेने, व्यक्तीने व्यक्तीकडे अशी विनंती पाठवण्याची सोयच बंद केली. मधल्या काळात ज्यांचे पैसे गेले त्यांच्यासाठी ते शहाणपण उशिरा आलं.

ही गोष्ट भामट्यांनी केलेल्या फसवणुकीची झाली. कंपन्या स्वतः करतात तिचं काय? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ला याबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि फसव्या मांडणीचे १३ प्रकार नावानिशी सांगितले. न मागितलेली वस्तू गुपचूप टोपलीत टाकणं, 'दोनच शिल्लक' अशी खोटी घाई करणं, वर्गणी सुरू करायला एक बटण आणि बंद करायला सात पानं, नको म्हणणाऱ्याला लाज वाटेल अशी वाक्यं लिहिणं. यातला प्रत्येक प्रकार कुणीतरी बसून आखलेला आहे. ज्याने आखला त्याच्याकडे पदवी होती, फिग्मा येत होतं, पोर्टफोलिओ देखणा होता. नव्हती ती एकच गोष्ट, आणि ती कुठल्याही अभ्यासक्रमात परीक्षेला नसते.

नुसतं "हे बरोबर नाही" असं म्हणून भागत नाही, हेही मुलांना सांगायला हवं. नव्या माणसाचं कुणी ऐकत नाही. म्हणून पुरावा गोळा करायला शिकावं लागतं. माणूस पडद्यावर अडलाय, तिसऱ्यांदा तेच बटण दाबतोय, अशी अर्ध्या मिनिटाची ध्वनिचित्रफीत (अर्थात त्याची परवानगी घेऊन, आधार क्रमांक आणि चेहरा झाकून) बैठकीत दाखवली की खोली शांत होते. मग त्या अडण्यामुळे किती फोन मदत केंद्राला येतात, किती अर्ज अर्धवट सुटतात, हे कंपनीच्याच आकड्यांतून मांडायचं. प्रोग्रामरशी भांडून चालत नाही, त्याच्या अडचणी समजून घ्याव्या लागतात. चार ओळींचा निरोप दोन ओळींत लिहिता यावा लागतो. पडद्यावरचं मराठी सरकारी परिपत्रकासारखं झालं तर ते घरी कुणाला तरी वाचून दाखवून, पुन्हा लिहायची चिकाटी लागते. ही सगळी कौशल्यंच आहेत, पण ती त्या धाडसाच्या पाठीशी उभी राहणारी आहेत.

यावर मुलांचं उत्तर मला माहीत आहे. "सर, कंपनी हे बघत नाही. पोर्टफोलिओ बघते, इंग्रजी बघते. आणि आता तर एआय पडदे काढून देतंय." यातलं पहिलं बऱ्याच अंशी खरं आहे. पहिली नोकरी मिळवणं आज कठीण आहे आणि ती सोलापुरात क्वचितच मिळते. पुण्याची गाडी धरावी लागते. इंग्रजीत अहवाल लिहिता आला पाहिजे, बोलता आलं पाहिजे, त्याला सूट नाही. पण एआयचा मुद्दा मला उलट दिशेने पटतो. नीटनेटका पडदा जर यंत्र मिनिटभरात काढत असेल तर पडदा काढणाऱ्या हाताची किंमत उतरणार. अक्काला कुठलं बोट लागतं हे यंत्राला कुणी सांगितलेलं नाही. ते ज्याला माहीत आहे त्याची किंमत वाढणार, आणि ते सोलापूरच्या पोराला माहीत असतं. घरी तेलुगू, गल्लीत मराठी, मित्रांत हिंदी बोलणारं पोरगं पुण्यात गेल्यावर पहिली गोष्ट ही करतं की आपलं बोलणं लपवतं. तीन भाषांत माणसाला बोलतं करता येणं ही संशोधकाची सर्वांत दुर्मिळ पुंजी, आणि ती आपण बायोडेटाच्या शेवटच्या ओळीत 'भाषा' म्हणून टाकतो. माझी कळकळीची विनंती आहे: ती पहिल्या पानावर आणा. जेवणाच्या ॲपचं रंगकाम काढून टाका आणि त्या जागी एका खऱ्या माणसाची, खऱ्या अर्जाची, खऱ्या अडचणीची गोष्ट मांडा.

महाविद्यालयांकडून मला जास्त अपेक्षा आहे. माणूस आणि संगणक यांच्यातल्या व्यवहारावरचा विषय अनेक अभ्यासक्रमांत आहे, पण तो इतर विषयांसारखाच वर्गात शिकवला जातो आणि कागदावर लिहून त्याची परीक्षा होते. त्याचे निम्मे गुण बाहेर बसून केलेल्या निरीक्षणाला द्यायला काय हरकत आहे? बाजार समितीत कांद्याचा लिलाव चालतो तिथे, बस स्थानकावर, जिल्हा रुग्णालयाच्या केसपेपरच्या खिडकीपाशी. आषाढीला पंढरपुरात येणाऱ्या लाखो वारकऱ्यांसाठी ॲप काढायची हौस सगळ्यांना असते. वारकऱ्याच्या शेजारी बसून तो फोन कसा वापरतो हे बघायला किती जण जातात?

आणि सरकार, महापालिका. केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या २० शहरांत, जानेवारी २०१६मध्ये, सोलापूरचं नाव आलं. तेव्हापासून नागरिकांसाठी ऑनलाइन सेवा हा शब्द आपण सतत ऐकतो. माझी मागणी साधी आहे. नागरिकांसाठी कुठलीही सेवा बनवायच्या निविदेत एक अट असावी: ती सुरू होण्याआधी इथल्या वेगवेगळ्या वस्त्यांतल्या माणसांसोबत चाचणी झाली पाहिजे आणि तिचा अहवाल लोकांना वाचायला मिळाला पाहिजे. दृष्टिहीन माणूस, हाताला कंप असलेला म्हातारा, वाचता न येणारी बाई त्या चाचणीत असायलाच हवी. ही कुणाची मेहरबानी नव्हे. दिव्यांग हक्क कायदा २०१६चा आहे. ३० एप्रिल २०२५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ते प्रकरण ॲसिड हल्ल्यात डोळे गमावलेल्या आणि दृष्टिहीन माणसांचं होतं. केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करा, असं यंत्र त्यांना सांगत होतं. ती पायरी आखणाऱ्याच्या मनात वाईट काही नसणार. त्याने तो पडदा अशा एकाही माणसासमोर धरून बघितला नव्हता.

अशा चाचण्या कोण घेणार, हा प्रश्न लगेच येईल. इथलीच मुलं घेतील, शिकून घेतील, आणि त्यांना त्याचे पैसे मिळाले पाहिजेत. चाचणीला बसणाऱ्यांनाही मिळाले पाहिजेत, आणि याबाबत मी तडजोड मानत नाही. विडी कामगार बाईला हजार विड्यांमागे मजुरी मिळते. तुम्ही तिचा एक तास घेतलात तर त्या तासाच्या विड्या त्या दिवशी वळल्या जात नाहीत आणि आठवड्याच्या हिशेबात ती तूट दिसते. चहा आणि बिस्किटावर तिची बोळवण करून तिच्या अडचणीवर आपला पोर्टफोलिओ उभा करणाऱ्याला मी यूएक्सवाला म्हणणार नाही. तिच्या तासाची रक्कम निविदेच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ म्हणून लिहिलेली असावी, चाचणी संपल्याबरोबर तिच्या हातात पडावी, आणि ती देताना पुन्हा ओटीपी मागू नये.